टाकी कोण भरतं

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नव्या गिऱ्हाइकाला जो पहिला प्रश्न विचारतात तो ऐकून निम्मी गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडतात. माणूस आलेला असतो गाडीचा जोर वाढवून घ्यायला. व्हिडिओ बघून बघून त्याने सगळं तोंडपाठ केलेलं असतं. कुठला टर्बो, केवढा, कुणाच्या गाडीत बसवलाय, सगळं. आणि हे हात पुसत पुसत विचारतात, "तुमच्या गाडीची टाकी कोण भरतं?"

"मीच," असं ठामपणे म्हणणाऱ्याशी बोलणं पुढे सरकतं. "मी भरतो, कधी बायको, कधी धाकटा भाऊ," असं कुणी म्हणालं, की त्याची गाडी साध्या पेट्रोलवरच बेतायची हे भाऊजींचं तिथेच ठरतं. मग तो इथेनॉलसाठी कितीही हट्ट करो. इथेनॉलवर इंजिन थंड राहतं, आतलं मिश्रण वेळेआधी पेटत नाही, त्यामुळे टर्बोकडून जास्त हवा घेता येते आणि गाडी अंगात आल्यासारखी पळते, हे खरं. पण ते पितंही जास्त, थंडीत सुरू व्हायला कुरकुर करतं आणि मोजक्याच पंपांवर मिळतं. मुख्य म्हणजे, इथेनॉलसाठी बेतलेल्या गाडीत घरातल्या कुणी प्रेमाने साधं पेट्रोल ओतलं आणि गाडी जोरात पळवली, की आत टकटक सुरू होते आणि बघता बघता पिस्टनला भोक पडतं. भाऊजींनी अशी पिस्टनं पाहिली आहेत. एक तर त्यांनी खिडकीत ठेवलंय, त्यात पेन उभी करतात.

हे सगळं मला ठाऊक असण्यात माझी हुशारी काही नाही. माझं टायरचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे आणि मधली भिंत पत्र्याची आहे. त्यांचं प्रत्येक गिऱ्हाईक मी फुकटात ऐकतो. माझं डोकं लवकर तापतं. गिऱ्हाइकाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की मी त्याला वाटेला लावतो. भाऊजी त्याला चहा देतात. त्यांना राग येतच नाही असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग ताईने सांगितलं की राग आला की ते हात धुतात. आता बेसिनशी पाणी बराच वेळ वाहताना ऐकू आलं की मी ओळखतो, आज कुणीतरी फारच अक्कल शिकवून गेलंय.

दिसायला बुटके, चष्मा दोरीने गळ्यात, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी बॅटरी. गॅरेजची फरशी इतकी स्वच्छ की माझ्या दुकानातून जाताना लोक आपोआप चपला झटकतात. टर्बोच्या बाबतीतही त्यांची एक पद्धत आहे. त्यांच्याकडे स्वतःच्या दोन जुन्या गाड्या आहेत, एक लाल, एक करडी. सारखंच इंजिन, फरक एवढाच की लालमध्ये मोठा टर्बो आणि करडीत छोटा. गिऱ्हाइकाला दोन्ही गाड्यांतून एकाच रस्त्याने फिरवून आणल्याशिवाय ते काम हातात घेत नाहीत. शाळेवरून, चौकाला वळसा घालून, पुलावर आणि परत. लाल गाडीत पाय दाबला की काही होत नाही. मग आणखी काही होत नाही. मग एकदम पाठीत कुणीतरी ढकलल्यासारखं होतं आणि नेमका तेव्हाच सिग्नल लागतो. करडी पुलावर थोडी कमी पळते, पण चौकातून वळून बाहेर पडताना पाय ठेवला की लगेच निघते.

"मोठा टर्बो वाईट नाही," भाऊजी समजावतात. "धुराच्या जोरावर पंखा फिरतो, तो पंखा इंजिनात हवा कोंबतो. मोठा पंखा फिरायला वेळ लागतो, एवढंच. दोघांचा चहा मोठ्या पातेल्यात ठेवला तर उशिरा उकळणारच की. तुमच्याकडे रोज किती पाहुणे येतात ते सांगा, मी पातेलं देतो."

ही परीक्षा त्यांनी बायकोलाही चुकू दिली नाही. माझी ताई डोंगर चढायच्या शर्यतीत गाडी चालवते. दरवर्षी एकदा डोंगराचा रस्ता बंद करतात, एकेक गाडी खालून वर सोडतात आणि घड्याळ लावतात. ताईचा आदल्या वर्षी दुसरा नंबर आला होता, तोही केसाएवढ्या फरकाने. पहिला आला रंगांच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे रंगवाले म्हणतात. त्यांच्या गाडीत पातेलं मोठं होतं. घरी आल्यापासून ताईने धोशा लावला, मलाही मोठा टर्बो बसवा. भाऊजींनी तिला गिऱ्हाइकासारखं समोर बसवलं, चहा दिला आणि दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या पुढे केल्या.

"मी तुमची बायको आहे," ताई म्हणाली.

"म्हणून तर चहात साखर जास्त घातली," भाऊजी म्हणाले.

ती फणकाऱ्याने गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. दोन्ही गाड्या तिने पुलावर नाही, टेकडीमागच्या वळणांच्या रस्त्यावर नेल्या होत्या. किल्ल्या टेबलावर ठेवत म्हणाली, "रंगवाल्यांना वळणातून निघाल्यावर वाट बघावी लागते. मला बघायची नाहीये. छोटाच बसवा, पण इथेनॉलवर." भाऊजींना हेच हवं होतं. छोटा टर्बो आणि इथेनॉल, म्हणजे वळणात चपळ आणि सरळ रस्त्यावरही फारसं मागे नाही. त्यानंतरचे सगळे महिने त्या दोघांनी गाडीचं वजन उतरवण्यात घालवले. मागची सीट काढली, रेडिओ काढला, पायपुसण्या काढल्या, शेवटी दाराचा आतला कप्पाही काढला. पहिला नंबर यंदा आमचाच, असं मी दुकानात बसून चारचौघांना सांगितलं होतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. आमचे बाबा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले. तरुणपणी एकदा डेपोतल्या कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे त्यांची भरलेली बस डोंगरात डिझेल संपून बंद पडली. लेकरंबाळं घेऊन माणसं सकाळपर्यंत थंडीत बसून राहिली आणि शिव्या बाबांनी खाल्ल्या. तेव्हापासून आमच्या घरात अर्धं रिकामं काही राहत नाही. पाण्याची बाटली, साखरेचा डबा, शेजाऱ्याची स्कूटर, जे अर्धं दिसेल ते बाबा भरून ठेवतात. यावर आई हयातभर हसत राहिली.

अशा माणसाला भाऊजींचा धंदा पटणं शक्यच नव्हतं. "चांगली चालती गाडी उघडायची, आणि ती ओरडायला लागेल अशी पुन्हा जोडायची," बाबा म्हणायचे, "याला रिपेअरी म्हणतात का?" हेही ते भाऊजींना कधी तोंडावर म्हणाले नाहीत. भाऊजींशी ते बोलायचे ते माझ्यामार्फत. भाऊजी समोर बसलेले असायचे आणि बाबा मला सांगायचे, "त्यांना म्हणावं, जेवून घ्या." भाऊजीही मलाच म्हणायचे, "मेहुणे, सांगा, बसतो." मधल्या मधे मी निरोप्या. भांडण म्हणावं तर नव्हतं. पण भाऊजींच्या हातची गाडी बाबांनी इतक्या वर्षांत आतून पाहिली नव्हती, आणि भाऊजींच्या मनाला ते लागलं होतं. एकदा चाक बसवता बसवता ते मला म्हणाले होते, "सगळं गाव माझ्या गाडीत बसलं, मेहुणे. बसायला हवे होते ते बसले नाहीत."

त्या वर्षी ताईने बाबांना कसं पटवलं देव जाणे. शर्यतीच्या सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, शर्यतीच्या गाडीत ताईच्या शेजारी जाऊन बसले. भाऊजी दार लावताना दोनदा दार लागलंय की नाही ते बघत होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी थट्टा करायची सोडून दिली. मी आणि भाऊजी मागून आमच्या व्हॅनमधून निघालो. व्हॅनमध्ये हत्यारं, चाकं आणि इथेनॉलचे दोन भरलेले कॅन. शर्यतीच्या गाडीच्या टाकीत वजन नको म्हणून थोडंसंच इथेनॉल ठेवलं होतं. लागलं तर पायथ्याशी कॅनमधून घालायचं, असं ठरलं होतं.

पायथ्याच्या जरा अलीकडे शेवटचा पेट्रोल पंप आहे. तिथे ताई हात-तोंड धुवायला उतरली. आम्ही पुढे निघून आलो होतो. पायथ्याशी जागा धरून उभे होतो तेवढ्यात ताईची गाडी आली, ती खोकत आली. मागून काळा धूर. भाऊजींच्या हातातला पाना तसाच राहिला. ते गाडीच्या मागे गेले, वाकले, वास घेतला आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

बाबा उतरले. असे खूश मी त्यांना फार दिवसांनी पाहत होतो. "काटा पार खाली होता," ते मला म्हणाले. "त्यांना सांग, टाकी फुल केली आहे. चांगल्यातलं चांगलं पेट्रोल घातलंय. आता काळजी नाही."

भाऊजी उभे होते तिथेच होते. जगातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी विचारलेला प्रश्न, स्वतःच्या घरात विचारायचा राहिला होता. ते व्हॅनच्या मागे गेले, बाटलीतलं पाणी घेतलं आणि हात धुऊ लागले.

बाबा घडीच्या खुर्चीवर गाडीला टेकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकी फुल असल्याचं सांगू लागले. शेजारी रंगवाले त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. त्यांनी ऐकलं आणि चमकून भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी लांबूनच बोट ओठांवर ठेवलं. रंगवाले भला माणूस. बॉनेटमध्ये डोकं घालून ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

व्हॅनच्या आडोशाला आम्ही तिघं जमलो. ताईचे डोळे भरून आले होते. "मी तोंड पुसत बाहेर आले तर झाकण लावून झालेलं," ती म्हणाली. "आणि बाबा असे हसत होते की माझ्या तोंडून शब्द फुटेना."

"यात रडायचं काय?" मी म्हणालो. माझं डोकं तापलं होतं. "दोन कॅन आहेत आपल्याकडे. गाडी जॅकवर घ्या, नळी सोडा, सगळं पेट्रोल काढा. वेळ आहे. बाबांना मी सांगतो."

"काय सांगाल?" भाऊजींनी विचारलं.

"जे झालं ते. चूक झाली म्हणून."

भाऊजी हात पुसत राहिले. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या गाडीला पहिल्यांदा काहीतरी दिलंय, मेहुणे. ते मी त्यांच्या डोळ्यांदेखत नळीने काढून बादलीत ओतू?" ते ताईकडे वळले. "पण चालवणारी तू आहेस. वर्षभर राबलीस तू. पेट्रोलवर हवेचा दाब उतरवावा लागेल, आणि या फुल टाकीचं वजन आहेच. इंजिनाला काही होणार नाही, ते माझ्यावर सोड. पण पहिला नंबर विसर. तू म्हणशील ते करतो."

ताईने व्हॅनच्या कडेने डोकावून पाहिलं. बाबा खुर्चीतून वाकून, रुमालाने गाडीच्या दारावरचा कसलासा डाग पुसत होते. ज्या गाडीतून आम्ही पायपुसणीसुद्धा काढली होती तिच्यात त्यांनी एका शाळकरी पोराएवढं वजन ओतलं होतं आणि आता डाग पुसत होते. ताई नाक ओढून हसली. "लॅपटॉप काढा," ती म्हणाली.

भाऊजी लॅपटॉप मांडीवर घेऊन ताईच्या जागेवर बसले आणि साध्या पेट्रोलवर गाडी सांभाळून चालेल असा जुना मॅप घालू लागले. म्हणजे इंजिनाला केव्हा पेटायचं आणि किती हवा घ्यायची ते नव्याने सांगू लागले. "काय करतायत ते?" बाबांनी मला विचारलं. "हवेचा दाब बघतायत," मी म्हणालो. खोटं नव्हतं. "हं," बाबा म्हणाले.

ताईने गाडी सुंदर चालवली. खालून आम्हाला पहिली वळणंच दिसतात, पण तेवढ्यातही कळत होतं. आवाज दबका होता, पण वळणातून बाहेर पडताना गाडी कुठे अडत नव्हती. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. वरून निरोप आला, चौथा नंबर. पहिले पुन्हा रंगवाले. भाऊजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मोठा टर्बो असता तर या पेट्रोलवर आज शेवटून मोजावं लागलं असतं." बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते, पोरीचा चौथा नंबर आला म्हणून. मी चडफडत चाकं व्हॅनमध्ये भरली. भाऊजी मात्र शीळ घालत होते, आणि ती खोटी नव्हती, हे सांगायला मला आजही जरा जड जातं.

परत येताना बाबा माझ्याबरोबर व्हॅनमध्ये बसले. दमलो, असं म्हणाले. वळणावर मागचे कॅन सरकले आणि आतलं इथेनॉल डुचमळलं. बाबांनी मागे वळून पाहिलं. मग हात लांब करून एका कॅनचं झाकण सैल केलं, वास घेतला आणि पुन्हा घट्ट लावलं. मी रस्त्याकडे बघत राहिलो. घरापर्यंत बाबा एक अक्षर बोलले नाहीत, आणि मी आपलं समजलो की दमलेत.

पुढच्याच आठवड्यात बेकरीवाला आपली गाडी घेऊन भाऊजींकडे आला. मला पत्र्यापलीकडून सगळं ऐकू येत होतं, पण बाबांचा आवाजही आला म्हणून मी हातातलं टायर सोडून गेलो. बाबा गॅरेजच्या दारात उभे होते. याआधी त्या दाराच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. हातात एक कोरा करकरीत निळा कॅन होता. "आधी त्यांचं होऊ दे," ते मला म्हणाले आणि स्टुलावर बसले.

बेकरीवाल्याला इथेनॉल हवं होतं. भाऊजींनी सवयीने विचारलं, "टाकी कोण भरतं तुमच्याकडे?"

"मी भरतो. भाऊ भरतो. वडीलही भरतात कधी कधी."

"मग साधं पेट्रोलच बरं," भाऊजी म्हणाले.

"का पण?"

भाऊजींची नजर बाबांकडे गेली आणि ते अडखळले. चष्मा पुसायला घेतला. "घरात भरणारी माणसं जास्त असली," ते हळूच म्हणाले, "की कधीतरी घोळ होतो."

"होतो," स्टुलावरून बाबा म्हणाले. "माझ्याकडून झालाय."

बेकरीवाला एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. बाबा उठले आणि कॅन घेऊन थेट भाऊजींसमोर जाऊन उभे राहिले. मी निरोपासाठी पुढे सरकलो, तर त्यांनी मला हातानेच बाजूला केलं.

"जावईबापू, गाडी पंपापासून खोकत आली होती," ते म्हणाले. "आयुष्यभर स्टिअरिंग धरलंय मी. मला कळणार नाही? पण का खोकतेय ते कळेना. घरी येताना तुमचे कॅन भरलेले दिसले, वास पेट्रोलचा नव्हता, मग उलगडलं. पोरीचा नंबर गेला माझ्यामुळे. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

"तुम्ही गाडीत बसलात, बाबा," भाऊजी म्हणाले.

बाबांनी कॅन टेबलावर ठेवला. "ते तुमचं इथेनॉल कुठल्या पंपावर मिळतं ते दाखवून ठेवा मला. शर्यतीआधी मी आणत जाईन."

"दाखवतो. पण एक आहे." भाऊजी चाचरत म्हणाले, "टाकी फुल नाही करायची. वजन होतं. पावच ठेवायची."

"पाव?"

त्या डोंगरात, बंद पडलेल्या बसमध्ये काढलेली ती रात्र बाबांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. पाव टाकीवर पोटच्या पोरीला डोंगर चढायला पाठवायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यांनी कॅन उचलला, झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं.

"बरं," ते म्हणाले. "पाव तर पाव. पण ती मी भरणार."